माहितगार क्रमांक तीनची जागा

भिंतीवर नकाशा उमटला आणि हॉलमधली सगळी माणसं एकदम पुढे झुकली.

माझा ऊर भरून आला. माझं काम इतक्या उत्सुकतेने बघणारे लोक मला त्याआधी कधी भेटले नव्हते, आणि खरं सांगायचं तर त्यानंतरही भेटलेले नाहीत. चेक देशातल्या व्रबोव्हा नावाच्या, जेमतेम दीडशे वस्तीच्या गावात, अग्निशमन दलाच्या हॉलमध्ये मी उभा होतो. बाजूला धुऊनपुसून ठेवलेला लाल बंब, समोर साठेक गावकरी, आणि शेवटच्या रांगेत माझ्या प्राध्यापक सेदलाकोव्हाबाई, मांडीवर गुणांची वही घेऊन.

नकाशावर गावाभोवतीचं जंगल होतं. त्यात पाच रंगांच्या पाच रेघा आणि प्रत्येक रेघेच्या टोकाला एक टिंब.

"ही लाल रेघ माहितगार क्रमांक तीनची," मी काठी टेकवून म्हणालो. "अळंबी काढायला ते ज्या वाटेने जातात ती वाट. आणि हे टिंब म्हणजे त्यांची खास जागा. नाव अर्थातच गुप्त ठेवलेलं आहे."

पहिल्या रांगेतल्या पोस्टमास्तरीणबाईंनी पर्समधून पेन्सिल काढली. कोणीतरी घाईघाईने चष्मा पुसला. कोपऱ्यातला एक दाढीवाला तर उठून दोन पावलं पुढे आला आणि डोळे बारीक करून हवेतच बोटांनी अंतर मोजायला लागला. मी मनात म्हटलं, याला म्हणतात लोकसहभाग.

तेवढ्यात तिसऱ्या रांगेत खुर्ची सरकली. बोहुमिल क्रेपेल्का उठले. एकाहत्तर वर्षांचा उंच, काटकुळा माणूस. त्यांनी टोपी डोक्यावर ठेवली, माझ्याकडे न बघता चालत दारापर्यंत गेले आणि बाहेर पडून दार लावून घेतलं. अगदी हळू. आपटलं असतं तर मला बरं वाटलं असतं.

सगळा हॉल आधी दाराकडे बघत होता, मग पुन्हा नकाशाकडे बघायला लागला. आणि त्यांना जे केव्हाच दिसलं होतं ते तेव्हा कुठे मला दिसलं. लाल रेघ ज्या घराच्या दारातून निघत होती ते घर क्रेपेल्कांचं होतं. नाव मी गुप्त ठेवलं होतं. घर ठेवायचं राहून गेलं होतं.

ही गोष्ट अठरा वर्षांपूर्वीची. मी तेव्हा पंचविशीचा. कुडाळजवळच्या एका खेड्यातून निघून, मुंबईत एम. ए. करून, चेक भाषा शिकून, शिष्यवृत्तीवर तिकडे गेलेला. अभ्यासक्रमाचं नाव लांबलचक होतं : युरोपीय संस्कृती आणि समाज यांच्या अभ्यासाच्या संशोधनपद्धती. गावी हे नाव सांगितल्यावर शेजारचे तातू म्हणाले होते, "म्हणजे गोऱ्यांनी इतकी वर्सां आमका तपासल्यानी, आता तू तेंका तपास!" मला ते इतकं आवडलं की मी छाती फुगवूनच विमानात बसलो.

सेदलाकोव्हाबाईंनी पहिल्याच तासाला ती छाती खाली आणली. बुटक्या, खणखणीत आवाजाच्या, आणि पायांत बारा महिने चिखलाचे बूट. "प्रश्न कमी, पाय जास्त," हे त्यांचं एकच तत्त्वज्ञान. लोकांना मुलाखती घेऊन छळू नका, त्यांच्याबरोबर चाला, ते करतात ते करा, मग लिहा. सप्टेंबरात त्यांनी आम्हा विद्यार्थ्यांना एकेका गावात दहा दिवस नेऊन सोडलं. अट एक : गावाकडून जे घ्याल ते शेवटी गावाला दाखवून यायचं. गुण त्यावरच. आणि माझी शिष्यवृत्ती त्या गुणांवर. नापास झालो तर नाताळच्या आत कुडाळला परत, हे मला कचेरीतून पत्राने कळवलेलं होतं.

विषय मी अळंबीचा घेतला. त्या देशात अळंबी म्हणजे वेडच आहे. पाऊस होऊन ऊन पडलं की बँकेतला साहेबसुद्धा टोपली आणि चाकू घेऊन जंगलात घुसतो. कायद्याने जंगलात कोणीही जावं, घरापुरती अळंबी खुशाल काढावी. म्हणजे झाडं दुसऱ्याची असतील, पण अळंबी सगळ्यांची. मालकी राहिली ती फक्त एका गोष्टीची : कुठे उगवतात हे ठाऊक असण्याची.

"तुमच्या देशात असतात का अळंबी?" बाईंनी विषय मंजूर करताना विचारलं होतं.

"असतात," मी म्हणालो. "पण त्यात संशोधनासारखं काही नाही."

हे माझं वाक्य लक्षात ठेवा. मला ते अजून रात्रंदिवस लक्षात आहे.

माझी राहायची सोय क्रेपेल्कांच्या घरी झाली. बायको जाऊन पाच वर्षं झालेली, एकुलती एक मुलगी यित्का शहरात. पहिल्याच दिवशी त्यांनी दारात माझे बूट काढायला लावले आणि पाहुण्यांच्या सपाता पुढे सरकवल्या. मला एकदम घरी आल्यासारखं झालं. उंबऱ्याबाहेर वहाणा काढणारी माणसं माझ्या ओळखीची होती. गुरुनाथ हे नाव काही त्यांना झेपेना, म्हणून त्याचं 'गुरु' झालं, आणि दोन दिवसांत निम्म्या गावाला वाटायला लागलं की मी योगासनं शिकवायला आलोय.

क्रेपेल्का गावातले सगळ्यात पोचलेले अळंबीवाले. दर गुरुवारी पहाटे निघायचे आणि आठच्या आत टोपली काठोकाठ भरून परत. तपकिरी टोपीची, पांढऱ्याशुभ्र जाड देठाची, तळव्याएवढी अळंबी. त्यांतली रोज चार अंड्यांबरोबर परतून ते मला खायला द्यायचे. चव अशी की मी पद्धत, सिद्धांत, सगळं विसरून पावाने ताटली पुसायचो.

"कुठे मिळाली?" मी ताटली पुसत विचारायचो.

"रानात," ते म्हणायचे.

"रानात कुठे?"

"जिथे उगवली तिथे."

मी वहीत लिहिलं : माहितगार थेट उत्तर टाळतो. कारण तपासणे.

कारण मला रविवारी यित्काताईने सांगितलं. बेचाळीस वर्षांची बाई, बापासारखीच उंच, हसरी. बाप मागे लाकडं रचत असताना तिने मला स्वयंपाकघरात गाठलं.

"तुला दाखवणार आहेत का रे जागा?"

"बघू. तुम्हाला ठाऊक असेलच की!"

"मला?" ती हसली, पण ते हसणं काही खरं नव्हतं. "मी अकरा वर्षांची असताना ते मला अर्ध्या वाटेपर्यंत घेऊन गेले होते. अर्ध्याच. आणि मी येऊन वर्गातल्या एका मुलाला सांगितलं. मला तो आवडायचा. दुसऱ्या दिवशी तो, त्याचा बाप आणि दोन काका त्या वाटेवर हजर. तेव्हापासून एकतीस वर्षं मी विचारतेय आणि बाबा म्हणतायत, रानात."

"आणि तो मुलगा?"

"त्याच्याशीच लग्न केलं," ती म्हणाली. "जागा गेली ती गेलीच."

सातव्या दिवशी अनपेक्षित घडलं. क्रेपेल्का नाश्ता झाल्यावर म्हणाले, "चल. टोपली घे."

मी धावत जाऊन खिशात जीपीएसचं यंत्र कोंबलं. विद्यापीठाने दिलेलं, पावाच्या तुकड्याएवढं. चालता तशी वाट आपोआप नोंदवायचं आणि मधूनच टिक करायचं.

"काय वाजतंय?" कुंपणाबाहेर पडल्यावर त्यांनी विचारलं.

"यंत्र आहे. वाट नोंदवतं. अभ्यासासाठी."

"बरं," ते म्हणाले. आणि थोड्या वेळाने, "कोणाला सांगू नकोस हो."

"तुमचं नाव कुठेही येणार नाही," मी छातीवर हात ठेवून म्हणालो.

त्यांनी माझ्याकडे नीट पाहिलं. पुढे दोन तास मात्र माणूस थांबला नाही. ओढा ओलांडताना ओढ्याची गोष्ट, शिकाऱ्यांच्या मचाणापाशी शिकाऱ्यांची गोष्ट, जुन्या दगडखाणीपाशी खाणीत पडलेल्या पाद्रीबाबांची गोष्ट. मी चालता चालता लिहीत होतो आणि हाताला कळ लागली तरी थांबत नव्हतो. शेवटी ते एका उतारावर थांबले, "ही जागा," म्हणाले, आणि आम्हाला सात अळंबी मिळाली. चौदा पानं मजकूर आणि सात अळंबी! मला तर पाय जमिनीला लागत नव्हते. सेदलाकोव्हाबाईंना मी फोनवर सांगितलं की माहितगाराचा पूर्ण विश्वास संपादन झालेला आहे.

त्या विश्वासाचं काय झालं ते तुम्हाला हॉलमध्ये दिसलंच.

कार्यक्रम संपल्यावर बाईंनी मला बंबापाशी बाजूला घेतलं. आवाज चढवला नाही. तो चढला असता तर तेही बरं वाटलं असतं.

"त्या माणसाने तुला जागा दाखवली. ती भिंतीवर लावायची परवानगी दिली होती का?"

"नाव गुप्त..."

"गुरुनाथ, या गावात एकशे बेचाळीस माणसं आहेत. इथे कुत्र्याचंसुद्धा नाव गुप्त राहत नाही." त्यांनी बॅगेतून संमतिपत्राचा कोरा कागद काढून माझ्या हातात दिला. "तुझ्याकडे दोन दिवस आहेत. यावर त्यांची सही आणायची. नाही मिळाली तर हे काम मी स्वीकारू शकत नाही. काम नाही म्हणजे गुण नाहीत."

गुण नाहीत म्हणजे काय ते मला सांगायची गरज नव्हती. पण नवल म्हणजे, घराकडे चालताना माझ्या डोक्यात शिष्यवृत्ती नव्हतीच. ते हळू लावलेलं दार होतं. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते मी चांगलं साठ माणसांसमोर, काठी लावून केलं होतं. दारात पोचलो तर पाहुण्यांच्या सपाता रोजच्यासारख्या, टोकं घराकडे करून, नीट जोडून ठेवलेल्या. त्या बघून मला रडू फुटायचं तेवढं बाकी राहिलं. क्रेपेल्कांच्या खोलीचं दार बंद होतं.

सकाळी ते स्वयंपाकघरात खिडकीपाशी कॉफी घेऊन बसले होते. गुरुवार असूनही घरी. मी कागद पाठीमागे धरून उभा राहिलो.

"बस," ते खिडकीतून नजर न काढता म्हणाले. "बघ, कोण चाललंय."

रस्त्याने दाढीवाला जात होता. हातात कुत्र्याचा पट्टा. कुत्रा नव्हता.

"फिरायला निघालाय," क्रेपेल्का म्हणाले. "त्याचा कुत्रा वसंतातच मेला."

त्याच्यामागून दोन भाऊ कोट घालून गेले. कोट एका बाजूने टोपलीएवढे फुगलेले. मग पोस्टमास्तरीणबाई नातवाची बाबागाडी ढकलत आल्या. नातू आईबापांबरोबर शहरात होता, हे त्यांनीच मला मंगळवारी सांगितलेलं. सगळे एकमेकांपासून पन्नास पावलं राखून, आभाळाकडे बघत, ओढ्याच्या दिशेने चाललेले. ताकास तूर लागू न देता अख्खं गाव जंगलात निघालं होतं.

"अकरा झाले," क्रेपेल्का म्हणाले.

मला राहवेना. "माझं चुकलं. फार चुकलं. तुमची इतक्या वर्षांची जागा..."

"तिथे काही नाही."

"काय?"

"त्या उतारावर. तिथे मी जन्मात दुसऱ्यांदा गेलो. पहिल्यांदा गेलो होतो बकरी हरवली तेव्हा."

"पण सात अळंबी मिळाली की!"

"सप्टेंबरात सात अळंबी माझ्या परसातही मिळतात." त्यांनी कॉफीचा घोट घेतला. "बाराव्या बाई आल्या बघ. मास्तरांची सासू. या वयात चढ चढवणार आहे का तिला!"

मला हसावं की काय करावं कळेना. माझी चौदा पानं, लाल रेघ, पाय जमिनीला न लागणं, सगळं खोट्यावर उभं होतं. एक क्षण खूप हायसं वाटलं आणि पुढच्याच क्षणी रागही आला. "म्हणजे तुम्ही मला फसवलंत!"

तेव्हा ते पहिल्यांदा खिडकीकडून वळले.

"मी तुला एक खोटी जागा दिली," ते म्हणाले. "तू तिचं काय करतोस ते बघायचं होतं. वाटलं, पोरगा बरा आहे, गप्प राहिला तर पुढच्या गुरुवारी खरी दाखवू. तू ती भिंतीवर लावलीस. जागा खोटी होती, गुरु. पण मी तुला म्हटलं होतं कोणाला सांगू नकोस, ते खोटं नव्हतं."

मग तोंडातून जे निघालं ते मी ठरवलेलं नव्हतं.

"आमच्याकडे याला रोवण म्हणतात."

"कशाला?"

"अळंबी जिथे दरवर्षी उगवतात त्या जागेला. आमच्या कोकणात श्रावणात येतात, वारुळांवर. ज्याला रोवण सापडलं तो कोणाला सांगत नाही. माझे वडील हातात विळा घेऊन निघतात, गवत कापायला निघाल्यासारखे. जाताना एका वाटेने, येताना दुसऱ्या. सख्ख्या भावाला सांगितलेलं नाही. आई विचारते, खय गावली? म्हणजे कुठे मिळाली? बाबा म्हणतात, रानात."

क्रेपेल्कांची कॉफी तोंडाशीच थांबली. "रानात?"

"रानात. एवढंच. दहावी झाल्यावर मला एकट्याला घेऊन गेले. कोणाक सांगू नको, म्हणाले. मी आजतागायत कोणाला सांगितलेलं नाही."

"म्हणजे तुला ठाऊक होतं!" त्यांनी कप टेबलावर ठेवला. "सगळं ठाऊक होतं तुला. मग तरी?"

"ते घरचं होतं," मी म्हणालो. "हे काम होतं."

आपला तो बाब्या आणि दुसऱ्याचं ते कार्टं ही म्हण मी लहानपणापासून ऐकत आलो होतो. पण आपलं ते गुपित आणि दुसऱ्याची ती माहिती, हे स्वतःच्या तोंडून ऐकल्यावर मला माझीच लाज वाटली. सहा हजार किलोमीटर येऊन मी युरोपीय समाज तपासत होतो आणि समोर माझे बाबाच बसले होते, हे मला दिसलं नव्हतं.

क्रेपेल्कांनी माझ्या हातातला कागद ओढून घेतला, वाचला आणि म्हणाले, "सही हवी? ठीक. फुकट नाही. तुझ्या बापाची जागा सांग."

"अं?"

"मी कुठे येणार आहे तुमच्या गावाला? या वयात मला विमानात कोण बसवतो! सांग. तू माझी घेतलीस, मी तुझी घेतो. फिटंफाट."

बोलणं वाजवी होतं. मी लगेच सुरुवात केली. "आमच्या गावात रामेश्वराचं देऊळ आहे. देवळामागे व्हाळ, म्हणजे ओढा. तो ओलांडला की जांभळाचं मोठं झाड, वीज पडून अर्धं जळालेलं. माझ्या आजोबांच्या वेळी पडली ती वीज, फार मोठा आवाज झाला होता म्हणतात. तिथून डावीकडे वीस पावलांवर वारूळ, वारुळाच्या कडेला करवंदीची जाळी..."

क्रेपेल्का हसायला लागले. आधी खांदे हलले, मग सगळा माणूस हलायला लागला. डोळ्यांतून पाणी आलं.

"खोटं!" ते म्हणाले. "सगळं खोटं!"

माझे कान तापले. कारण ते खोटंच होतं. रामेश्वराच्या देवळामागे काही नाही, एक गटार आहे. ठरवून बोललो नव्हतो. जीभच आपोआप वळली होती, बाबांच्या विळ्यासारखी, भलत्याच वाटेने.

"तुम्हाला कसं कळलं?"

"खरी जागा सांगायची असते तेव्हा माणूस आधी गप्प होतो," ते डोळे पुसत म्हणाले. "तू धडाधडा बोललास. वीज काय, आजोबा काय! मीही तुला तसाच नेला ना त्या उतारावर, पाद्रीबाबा खाणीत पाडत पाडत?" मग उठले, खुंटीवरची टोपी काढली. "जो मला कधी भेटणारही नाही त्या बापाची जागा तुला सांगवेना. आता माझी खात्री पटली. चल."

"कुठे?"

त्यांनी नुसतं माझ्याकडे पाहिलं. मी मुकाट्याने खिशातलं यंत्र काढून टेबलावर ठेवलं, त्याच्याशेजारी वही आणि पेन ठेवलं आणि सपाता काढून बूट चढवले.

अख्खं गाव ओढ्याकडे गेलेलं असल्यामुळे बाकीचं जंगल आमचंच होतं. त्या वाटेवर ते एक शब्द बोलले नाहीत. मीही नाही. किती वेळ चाललो, कोणीकडे वळलो, ते मी इथे सांगणार नाही. पोचलो तिथे झाडांच्या मधोमध ऊन पडलं होतं आणि शेवाळावर अळंबीच अळंबी होती, पाऊल कुठे ठेवावं असा प्रश्न पडावा इतकी. एका बाजूला दोन माणसं बसतील एवढा चपटा दगड होता. ते त्याच्या एका टोकाला बसले. दुसरं टोक मोकळं ठेवून.

"ही माझी जागा नाही," ते म्हणाले. "मारीची. माझ्या बायकोची. ती मुलगी असताना तिने शोधलेली. लग्नानंतर अकरा वर्षांनी मला दाखवली. अकरा! तोवर रोज विचारायचो, ती म्हणायची, रानात."

"यित्काताईला ठाऊक आहे? आईची जागा आहे ते?"

"मारी म्हणायची, पोरगी पोटात काही ठेवत नाही, मोठी होऊ दे." त्यांनी चाकूने एक अळंबं अलगद कापलं, देठाची माती खरवडली, टोपलीत ठेवलं. "मोठी कधी झाली तेच कळलं नाही. आता सांगायला गेलो तर वाटतं, मारी मागून कान धरील. तू परदेशात जाणारा माणूस. तुझ्या पोटात राहील."

मी त्या मोकळ्या टोकावर बसलो नाही. खाली शेवाळावर बसलो.

घरी येऊन त्यांनी संमतिपत्रातली नकाशाची ओळ खोडली आणि खाली सही केली. मी अहवाल लिहिला तो गुपित कसं राखतात यावर : बिनकुत्र्याचा पट्टा, रिकामी बाबागाडी, खाणीतले पाद्रीबाबा. कोणाचंही घर ओळखता येणार नाही असा. नकाशा नाही. सेदलाकोव्हाबाईंनी तो वाचून चष्म्यावरून माझ्याकडे पाहिलं.

"आणि खरी जागा?"

"मला ठाऊक नाही, बाई."

त्यांची नजर माझ्या बुटांवर गेली. टाचेला ओलं शेवाळ चिकटलेलं होतं. त्यांनी अहवालावर 'समाधानकारक' असं लिहिलं. शिष्यवृत्ती वाचली. निघताना दारातून म्हणाल्या, "बूट मात्र उत्तम."

पुढे मी परत आलो, नोकरीला लागलो, आता एका विद्यापीठात संशोधनपद्धतीच शिकवतो. बाबा चार वर्षांपूर्वी गेले. विळा माझ्याकडे आहे. क्रेपेल्कांना नाताळला पत्र पाठवायचो, त्यांचंही यायचं, चार ओळींचं, हवापाण्याचं. दर पत्राच्या शेवटी एक आकडा असायचा आणि पुढे काही नाही. त्या वर्षीच्या टोपल्या. शेवटच्या पत्रात होतं : दोन.

मागच्या महिन्यात यित्काताईची मेल आली. एकोणनव्वदाव्या वर्षी बाबा गेले, झोपेतच, त्रास झाला नाही. पुढे लिहिलं होतं : "शेवटच्या आठवड्यात मी पुन्हा विचारलं. हसले आणि म्हणाले, गुरुला विचार. मला वाटलं, भ्रम झालाय. पण दुसऱ्या दिवशीही तेच म्हणाले. गुरु, मला आता अळंबी चालत नाहीत, डॉक्टरांनी बंद केली आहेत. मी साठ वर्षांची झाले. बाबा दर गुरुवारी कुठे जायचे, तेवढं मला एकदा बघायचंय. तुला आठवत असेल तर नकाशा काढून पाठवशील का?"

मी ती मेल तीनदा वाचली. क्रेपेल्कांनी जागा माझ्या पोटात ठेवली होती ती ठेवायला नाही, पोचवायला, हे मला कळायला अठरा वर्षं लागली. त्यांना स्वतःला मुलीला सांगवत नव्हतं. म्हणून त्यांनी एक निरोप्या तयार करून ठेवला.

कागद घेतला. घराचं कुंपण काढलं, पुढची वाट आठवली, एकेक झाड आठवलं. मग कागद फाडून टाकला आणि तिला लिहिलं : "ही जागा कागदावर मावत नाही. तुम्हाला सांगायचंही आहे काही, ते तिथेच सांगेन. सप्टेंबरचा दुसरा गुरुवार. टोपली तयार ठेवा. मोबाइल घरी ठेवायचा."

बायकोने मला बूट घासताना पाहिलं. तिकीट काढलेलं तिला ठाऊक होतं, कारण ठाऊक नव्हतं.

"अचानक कुठे निघालास?"

मी आधी गप्प झालो. मग म्हणालो, "रानात."